टोपीवाल्या काकी

बाइकवर बसण्याआधी काकी चपलेच्या टोकाने मागचं चाक दाबून बघायच्या. गाडी तुमची, पेट्रोल तुमचं आणि तपासणी काकींची! चाक जरा मऊ लागलं, की "हवा भर रं आधी" म्हणून मागून येणाऱ्या बाइकला हात.

पोशीरच्या फाट्यावरून जाणाऱ्या कुणीही त्यांना पाहिलं असेलच. नऊवारी, हातात पिशवी आणि डोक्यावर पदरावरून चढवलेलं लालभडक हेल्मेट. नेरळ स्टेशनला शेअर रिक्षा जायच्या, पण सगळ्या सीटा भरेपर्यंत रिक्षावाला जागचा हलत नसे. काकींना तेवढी सवड कुठली? बदलापूरला त्यांची लेक एका दवाखान्यात नर्स. काकी पोचून नातीला कडेवर घेत, तेव्हा कुठे लेक घराबाहेर पडे. इकडे लोकल चुकली, की तिकडे लेकीचा खाडा.

मागे बसणाऱ्याला हेल्मेट नाही, ही आम्हा बाइकवाल्यांची लिफ्ट टाळायची नेहमीची सबब. काकींनी बाजारातून स्वतःचं हेल्मेट आणून ती कायमची मिटवली. "टोपी माजी हाय. तुला काय तरास?" येताना त्याच टोपीतून भेंडी यायची.

एकदा नेरळच्या अलीकडे हवालदाराने मला अडवलं. माझ्याच डोक्यावर हेल्मेट नव्हतं. वाटलं, काकी माझ्या बाजूने दोन शब्द बोलतील. बोलल्या ना! "बरोबर हाय सायेब, मी रोज सांगते याला." आणि माझी पावती फाटायच्या आत बाई दुसऱ्याच्या बाइकवर. जाताजाता मलाच सांगतात, "तू निस्तर रं, मला लोकल हाय." असला राग आला होता म्हणून सांगू!

यंदा लेकीला पुण्यात नोकरी लागली. नातही तिच्याबरोबर गेली. मी आता शहाण्यासारखा हेल्मेट घालून जातो, पण फाटा आला की गाडी आपोआप हळू होते. खरं सांगतो, करमत नाही.

परवा काकी फाट्यावर दिसल्या. डोक्यावर टोपी नाही, नुसत्याच उभ्या. कुठे निघालात, असं विचारून बसलो.

"कुटं जाऊ रं आता? पोर तर पुण्याला."

मी म्हटलं, बसा मागे. स्टेशनपर्यंत जाऊ, एखादी लोकल सुटताना बघू आणि परत येऊ. काकींनी चपलेचं टोक पुढे करून मागचं चाक दाबलं.

"थांब," म्हणाल्या, "टोपी आणते."