कॅरमच्या वेळेची गोळी

मला पार्किन्सन झाला, ते मी पचवलं. पण शेजारीण माझ्याशी मुद्दाम हरायला लागली, ते काही पचेना.

ही सरदारीण म्हणजे आमच्या सेक्टरमधली कॅरमची महाराणी. चंदीगडला राहायला आल्यापासून आम्ही दोघी रोज संध्याकाळी पाचला तिच्या व्हरांड्यात खेळतो. ती मला रोज धुऊन काढायची आणि वर ओरडायची, "भाभीजी, होर खेडणा ए?" म्हणजे, अजून खेळायची हौस आहे का! गेल्या हिवाळ्यात माझं बोट स्ट्रायकरवर अडायला लागलं, तशा तिच्याही सोंगट्या चुकायला लागल्या. अगदी भोकाच्या तोंडाशी बसलेल्या! मी जिंकायचे आणि घरी येऊन भांडी आपटायचे.

माझ्या इथल्या डॉक्टरीणबाई मूळच्या अमरावतीच्या, माझ्या मुलीच्या वयाच्या. त्यांना मी दर खेपेला "छान आहे" असंच सांगायचे. त्यांना ते पटायचंही, कारण सकाळची गोळी चांगली लागू पडली की मगच मी ठेवणीतली साडी नेसून टुणटुणीत चालत आत शिरायचे. डॉक्टरकडे काय गबाळ्यासारखं जायचं? पण एकदा रागाच्या भरात कॅरमचं सगळं सांगून टाकलं. मला वाटलं, हसतील. त्यांनी पेन खाली ठेवलं.

"काकू, तुम्ही मला नेहमी नटलेल्याच दिसता. आता पाच वाजता या न. रोज जे करता ते सगळं करून या."

मी खरंच सगळं करून गेले. दुपारची गोळी, तिच्यापाठोपाठ शेजारणीकडचे पनीर पकोडे आणि लस्सीचा हा मोठा ग्लास. दवाखान्याच्या दारातच पाय जमिनीला चिकटले. डॉक्टरीणबाई धावत आल्या, "अगदी हेच बघायचं होतं मला!" त्या इतक्या खूश झाल्या की मलाही हसू फुटलं. मग मी काय खाल्लं ते त्यांनी विचारलं आणि पकोडे ऐकताच कपाळाला हात लावला. प्रथिनांना आणि या गोळीला आत शिरायला एकच दार आहे म्हणे. पनीर घुसतं आणि गोळी बाहेर ताटकळत राहते.

गोळी आधी, नुसत्या पाण्याबरोबर, पकोडे खेळ संपल्यावर, असं ठरलं. तेवढ्यानेच बरंच सुधारलं. मग त्यांनी डोस जरासा वाढवला आणि मी चक्क डुलायला लागले. मान, खांदे, कंबर, सगळं आपोआप! शेजारणीने टाळ्या पिटल्या, "बल्ले! बैठे-बैठे भंगडा!" मला तर ते फारच आवडलं. दगडासारखं बसण्यापेक्षा हे शंभर पटीने बरं.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हे गोळी जास्त झाल्याचं लक्षण, डोस कमी करू. मी म्हटलं, "करा, पण थोडं डुलणं राहू द्या." भाजीवाल्याशी करावी तशी आमची घासाघीस झाली.

"थोडं डुला," त्या म्हणाल्या, "पण तोल गेला तर मी तुमचं ऐकणार नाही."

मग एका संध्याकाळी डाव रंगात आला. मी नेम धरला, बोट झटक्यात सुटलं आणि लांबची राणी थेट भोकात गेली. कव्हर मात्र हुकलं, म्हणून राणी परत मधे आली. शेजारीण कितीतरी वेळ माझ्या बोटाकडे बघत राहिली. मग तिने ओढणी कमरेला बांधली, बोर्डावर पावडर भुरभुरवली, राणी घेतली, कव्हर केलं आणि उरलेल्या सगळ्या सोंगट्या एकामागोमाग आत घातल्या. भोकाच्या तोंडाशी बसलेली एकसुद्धा सोडली नाही.

"भाभीजी, होर खेडणा ए?" ती ओरडली.

मी हसत होते, रडत होते आणि थोडी डुलतही होते. तिथूनच मी फोन लावला.

"हरले हो मी! पार धुतलं मला!"

"काकू," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "अभिनंदन!"