दक्षिण सुदानातला बेंदूर

शांतिसेनेत जाण्याची ऑर्डर आली तेव्हा मी नायब सुभेदार होतो. गाव कडेगाव. नोकरीत राजस्थान पाहिलं होतं, काश्मीर पाहिलं होतं. समुद्र ओलांडला नव्हता. विमानात आमच्या प्लाटूनमधलं कोणी झोपलं नाही. खाली नाईल दिसली आणि पलूसचा ड्रायव्हर नायक कांबळे खिडकीला नाक लावून ओरडला, "आपल्या कृष्णेची थोरली भैन हाय रं ही!"

पोस्ट म्हणजे मातीचा बांध, काटेरी तार, तंबू आणि पाण्याची मोठी टाकी. सकाळी रस्त्यावर पेट्रोलिंग, दुपारी गावकऱ्यांना आणि गुरांना पाणी, संध्याकाळी वायरलेसवर रिपोर्ट. जमीन काळी. पाऊस झाला की गाडी रुतायची आणि पोरं उसाचा ट्रॅक्टर काढायच्या हुरुपानं चिखलात उतरायची.

सगळ्यात मोठं नवल गुरांचं होतं. दोन्ही हात पसरले तरी पुरणार नाहीत अशी शिंगं. हवालदार गलांडे आटपाडीच्या माळावरचा, मेंढरांमागं वाढलेला. कळप आला की तो तारेपाशी जाऊन उभा राही. देंग नावाच्या उंच, अबोल माणसाचा एक पांढरा बैल त्याच्या मनात भरला होता.

"साहेब, ह्यो बैल आमच्या गावात न्यायचा तर येशीची कमान पाडावी लागंल."

एका सकाळी गलांडेला बायकोचा फोन आला. "आवं, आज बेंदूर हाय. आपल्या शंकऱ्या बैलाला मी सजवलाय. फोटू धाडते. तुमी काय करताय?"

बेंदूर म्हणजे आमच्याकडचा बैलांचा सण. शिंगं रंगवायला तिनंच पाठवलेला हिंगूळ आणि लाल गोंडा त्याच्या बॅगेत होता. लंगरमध्ये, आमच्या फौजी स्वयंपाकघरात, पुरण शिजायला लागलं. दुपारी कळप टाकीवर आला. गुराखी लांब झाडाखाली बसले होते. गलांडे आणि कांबळे यांनी पांढऱ्या बैलाची शिंगं लालभडक रंगवली, गोंडा बांधला. कोणी रिकाम्या जेरीकॅनवर हलगी धरली. जवान नाचले. कळप गेला तरी नाच थांबला नव्हता.

थोड्याच वेळात पुढच्या टेहळणी चौकीवरून, ओपी वनवरून, वायरलेस बोलला.

"पोस्ट, ओपी वन. बहुत सारे आदमी, हथियारबंद, पोस्ट की तरफ. ओव्हर."

"ओपी वन, कोई फायर नहीं करेगा. ओव्हर."

जवान बांधामागच्या खंदकांत उतरले. आमचा दुभाष्या जॉन बांधावर चढून त्या लोकांशी बोलला आणि खाली आला. त्या भागात गुरांवरून खून पडत. लुटलेल्या जनावरावर लुटारू आपली खूण करत. "फौजेनं बैलावर खूण केली, आता तो नेणार, असं देंग म्हणतो," जॉननं सांगितलं. समोर, पांढऱ्या बैलाशेजारी उभ्या देंगची रायफल खांद्याला लागली होती. एक गोळी सुटली असती तर दोन्हीकडची माणसं मेली असती.

"साहेब, रंग मी लावलाय. मी जातो." गलांडेनं आपली रायफल कांबळेकडं दिली.

"गड्या, वहिनीला काय सांगू?" कांबळे म्हणाला.

"सांग, निवद द्यायचा ऱ्हायला हुता, त्यो द्यायला गेलाय."

मी गेट उघडायला सांगितलं. पुरणपोळीचं ताट घेऊन गलांडे सरळ चालत गेला. जॉन त्याच्या मागं. गलांडेनं ताट बैलासमोर धरलं. बैलानं पोळी खाल्ली. मग गलांडेनं वाकून बैलाच्या खुरांवर डोकं ठेवलं. उठला, खिशातून मोबाईल काढला आणि देंगपुढं धरला. आटपाडीचा गोठा, शेजारी बायको, आणि तशाच लाल शिंगांचा, तसाच गोंडा बांधलेला शंकऱ्या.

देंगनं रायफल खाली केली. फोन हातात घेतला. बराच वेळ बघितलं. काहीतरी विचारलं.

"बैलाचं नाव विचारतोय," जॉन म्हणाला.

"शंकऱ्या."

देंगनं नाव दोनदा म्हणून पाहिलं आणि मोठ्यानं हसला. बांधामागं आमच्या पोरांनी जेरीकॅन पुन्हा धरला. इतक्या जोरात तो आधी वाजला नव्हता.

त्यानंतर देंग रोज तारेपाशी येऊन "गालांदे!" अशी हाक मारी. कांबळे म्हणे, "जावा, पावणं आलं तुमचं."

पावसाळा सरत आला तेव्हा पाण्याच्या टँकरच्या एस्कॉर्टवर रस्त्यात फायर आला. टँकर पोहोचला. एस्कॉर्टला असलेला हवालदार गलांडे जागीच गेला. गोळी कोणाची, ते शेवटपर्यंत कळलं नाही.

शवपेटी धावपट्टीवर आणली तेव्हा कडेला देंग पांढरा बैल घेऊन उभा होता. हिंगूळ पावसात केव्हाच धुऊन गेला होता, तरी शिंगं तांबडी होती. देंगनं लांबून लाल माती आणून स्वतः रंगवली होती, असं जॉननं सांगितलं. गोंडा तोच होता.

सलामी झाली. कांबळेनं बैलाचा एक फोटो काढला. तो आटपाडीत गलांडेच्या गोठ्यात, शंकऱ्याच्या गव्हाणीवर लावलेला आहे. बेंदराला मी आणि कांबळे तिथं जातो. शिंगं रंगवण्याचं काम आमच्याकडं असतं. वहिनी दोन निवद काढतात, एक शंकऱ्यापुढं ठेवतात आणि एक त्या फोटोखाली.