घोंगडीखालचे गुडघे

माझ्या लेकीचे गुडघे चालताना एकमेकांना घासायचे आणि पावलं मात्र एकमेकांपासून लांब पडायची. शाळेत जायचं वय झालं तरी पळताना ती आपल्याच पायात अडकून पडायची. नांदेडचे डॉक्टर म्हणाले, बहुतेक लेकरांचं हे आपोआप सरळ होतं, हिचं होताना दिसत नाही, तर आधी पट्टा लावून बघू. मांडीपासून घोट्यापर्यंत बाहेरून सळई, गुडघ्याला मऊ गादी आणि ओढून लावायच्या चिकटपट्ट्या, ज्या काढताना चर्र असा आवाज व्हायचा. सुई नाही, कापाकापी नाही. फक्त दिवसभर अंगावर राहिला पाहिजे. फरक पडला नाही तर मोठी झाल्यावर ऑपरेशनचं बघावं लागेल, हेही त्यांनी सांगितलं, आणि माझ्या डोक्यात तेवढंच राहिलं.

पण तो अंगावर राहील तर ना. आमचं घर हिंगोलीजवळच्या पुसेगावकडचं, मेंढरांचं. नवरा कळप घेऊन बाहेर, मी सकाळपासून शेतात, घरी लेक आणि सासूबाई. मी पट्टा बांधून निघायची आणि परत यावं तर तो खुंटीवर. विचारलं की सासूबाईंचं उत्तर ठरलेलं, आत्ताच काढला. रोज आत्ताच कसा निघतो, हे मला कळायचं नाही. नवऱ्याला फोनवर सांगावं तर तो म्हणायचा, आईला काय समजावतीस, जाऊ दे. त्याचं काय जात होतं म्हणायला.

एकदा मी शेतातून लवकर परतले तेव्हा उलगडा झाला. ओसरीवर सासूबाईंच्या माहेरची माणसं चहा पीत होती. शेजारची पोरं ओळीनं बसवलेली, माझी लेक बराबर मधोमध, आणि ऐन उन्हाळ्यात तिच्या पायांवर घोंगडी. पट्टा आत खुंटीवर. ही बैठक माझ्या ओळखीची होती. व्यापारी मेंढरं बघायला आला की सासूबाई पायानं अधू असलेलं जनावर असंच कळपाच्या मधे उभं करतात, म्हणजे पाय दिसत नाहीत. त्या कामात त्यांचा हात धरणारं आमच्यात कोणी नाही.

पाहुणे गेल्यावर मी तोंडाला येईल ते बोलले. त्या कपबशा विसळत राहिल्या. शेवटी म्हणाल्या, "पोरीची जात हाय. एकदा नजरंत आलं की लोकं इसरत न्हाईत. काहून दाखवावं?"

दाखवायचं नाही म्हणून बरंही व्हायचं नाही का, असं मी विचारलं. त्या विसळलेल्या कपबशा घेऊन आत गेल्या. संध्याकाळी त्याच लेकीला पुढ्यात घेऊन गुडघ्यांना तेल चोळत बसल्या. याचीच मला जास्त चीड यायची. बाई वाईट असती तर दोन हात करता आले असते.

तपासणीच्या दिवशी मी स्वतः पट्टा घट्ट बांधला, वरून लांब फ्रॉक घातला. हिंगोलीहून कळमनुरी, वारंगा फाटा करत नांदेड गाठलं. वाटेत तिनं एकदाही कुरकुर केली नाही. डॉक्टरांना तिचं पट्टा घालून चालणं बघायचं होतं, आणि आज तरी तो तिच्या पायावर होता. किती दिवसांनी मला जरा हलकं वाटलं.

दवाखान्यात गर्दी होती. तिला बाकावर बसवून मी खिडकीवर नंबर लावायला गेले. मागून चर्र आवाज आला, मग आणखी एक, आणखी एक. वळून बघेपर्यंत पट्टा आमच्या कापडी पिशवीत गेला होता. लेक दोन अनोळखी पोरांच्या मधे सरकून बसली होती आणि पिशवी तिनं गुडघ्यांवर ओढून घेतली होती.

मी तिचा दंड धरला आणि पट्टा काहून काढला म्हणून विचारलं. माझा राग तिला कळलाच नाही. मलाच काही माहीत नाही अशा नजरेनं तिनं माझ्याकडं पाहिलं.

"डाक्टर बघणार हाय न्हं," ती म्हणाली. "बघणारं कुणी आलं की काढून ठिवायचा असतो."

तेवढ्यात आतून आमचं नाव पुकारलं. ती उठली आणि गुडघ्यांपुढे पिशवी धरून आत चालू लागली.