चांगोला दिलेली पुरेपूर संधी

बारवी धरणाच्या वाटेवर, डोंगराच्या कुशीत ठाकरांची एक वाडी आहे. तिथला चांगो म्हणजे ताठ मानेचा गडी. वाडीतले तंटे त्याच्याच अंगणात निवडले जात. त्याचा नेम एकच. गाऱ्हाणं घालणाऱ्यानं समोर बसून आधी पोटातलं सगळं बोलायचं, तोवर दुसऱ्यानं ओठ उघडायचा नाही. जो मध्ये बोलला तो खोटा. एकदा जनूवर कोंबडी चोरल्याचा आळ घालून गंगू माहेरी निघून गेली, तर ती परतेपर्यंत अख्खी वाडी थांबली. कोंबडी तोवर कधीच पचली होती, पण नेम मोडला नाही.

शहाऐंशी सालची दिवाळी झाली आणि वाडी नेहमीसारखी दोन-तीन महिन्यांसाठी गवत कापायला खाली उतरली. त्याच सुमारास सरकारला आठवलं, की चांगोचा बाप ज्या उतारावर नाचणी काढत आला तो उतार जंगलाचा आहे. आता सरकार पडलं कायद्यानं चालणारं. माणसाला विचारल्यावाचून त्याच्या घासाला हात लावायचा नाही, असं घटनेतच आहे म्हणतात. म्हणून चांगोला विचारण्यात आलं. उतारावरच्या त्याच्या रिकाम्या खोपीवर पंचांसमक्ष नोटीस चिकटवली. पंच कोण, तर नोटीस आणणारेच दोघे. मुदत संपल्यावर खोप रीतसर मोडून जाळली, नोटिशीसकट.

चांगो परतला तेव्हा उतारभर निलगिरीसाठी खड्डे खणून तयार होते.

तो उल्हासनगरच्या कचेरीत गेला. साहेब भला माणूस. आधी घेतलं असलं तरी मागाहून विचारायला काय हरकत, म्हणून त्यानं सुनावणीची तारीख दिली.

तारखेला चांगो धुतलेला सदरा घालून गेला आणि फरशीवर मांडी घालून बसला. ज्याच्या अहवालावरून हे सगळं घडलं तो वनरक्षक हिरामण कुठं दिसेना. साहेबानं विचारलं, तुमचं काय म्हणणं आहे? चांगोनं दाराकडं पाहिलं. साहेबानं पुन्हा विचारलं, मग आवाज चढवून विचारलं. चांगोनं ओठ आणखीच घट्ट मिटले. कारकुनानं लिहिलं : पुरेपूर संधी देऊनही यांस काही सांगावयाचे नाही. खाली चांगोनं मुकाट अंगठा दिला. अंगठा देणं म्हणजे काही बोलणं नव्हे.

पावसाळ्यात खड्ड्यांत रोपं बसली.

"वाडीत तुझं त्वांड मिटत न्हाय," बायको तुळशी म्हणाली, "आनि तिथं दातखीळ बसली?"

"गाऱ्हानं घालनारा आलाच न्हाय. मी उत्तर द्यू कुनाला? भिंतीला?"

तुळशीनं त्याला ओढतच बदलापूरच्या विष्णुपंत वकिलांकडं नेलं. पंत ऐकता ऐकता हसले, मग हसायचे थांबले. आरोप करणारा समोर नाही, अहवाल वाचून दाखवलेला नाही, ही सुनावणीच नव्हे, असं त्यांनी अपिलात मांडलं. वरच्या साहेबांनी घाई अजिबात केली नाही. निलगिरी दोन पुरुष उंच झाली, तेव्हा कुठं निकाल आला आणि तोही चांगोच्या बाजूनं. त्याला सुनावणी परत मिळाली. जमिनीचं त्यात काही नव्हतं.

या खेपेला हिरामणला समोर बसवलं. तो खाली मान घालून बोलत राहिला आणि चांगो लग्नातली गाणी ऐकावीत तसा ऐकत राहिला. शेवटी त्यानं विचारलं, "झालं तुजं?"

"झालं, चांगोबाबा."

मग चांगो बोलला. बापानं फोडलेला दगड न् दगड त्यानं सांगितला. साहेबाचा चहा निवून गेला.

हुकूम झाला : उतार चांगोनं कसावा. त्यावरची झाडं मात्र सरकारची, त्यांस कोयता लावू नये.

"म्हंजी काय गावलं आपल्याला?" तुळशीनं विचारलं.

"जमीन. तिच्यातलं पानी तेवढं सरकार पितं."

तेव्हापासून दर पावसाळ्यात चांगो निलगिरीच्या ओळींमधून नाचणी पेरतो. ती वीतभर वाढते आणि पिवळी पडते. पण पेरताना त्याला आता कुणी काही विचारत नाही.