दादांच्या पेटीची किल्ली

परवा थोरल्या भावाचा, दादांचा, तेरावा. दानाला द्यायची धोतरे काढायला वहिनींनी त्यांची पेटी माझ्यापुढे ठेवली. किल्ली नेहमीप्रमाणे कुलुपातच लटकत होती.

चार वर्षांपूर्वी, गिरगावातल्या आमच्या चाळीसमोरच्या देवळातून चांदीचा मुकुट भरदुपारी नाहीसा झाला. उत्सवाची व्यवस्था दादा पाहत, म्हणून गाभाऱ्याची एक किल्ली त्यांच्याकडे असे. पोलिसांनी त्यांना चौकीवर नेले, दोन दिवसांनी जामिनावर सोडले. मधल्या दिवशी एक सभ्य गृहस्थ मला जिन्यात भेटले. दुपारी दादा जेवायला घरीच होते ना, असे त्यांनी सहज विचारले. खरे बोलण्याचा मला अभिमान होता. "त्या दिवशी नव्हते आले," मी म्हणालो.

शनिवारचे वर्तमानपत्र मी गॅलरीत सर्वांना वाचून दाखवत असे. त्या शनिवारी मथळा होता, 'मुकुटचोर सापडला.' खाली दादांचे नाव, चाळीचा पत्ता. खटला अजून उभाही राहिला नव्हता. पुढे छापले होते, 'त्या दुपारी हा जेवावयासही घरी नव्हता, असे घरच्याच माणसाकडून कळते.' मी थांबलो.

"थांबलात का, मास्तर?" शेजारचे कारकून म्हणाले. "का पुढं तुमचंही नाव आहे?"

सगळे हसले. आत दादा सुपारी कातरत होते. अडकित्त्याचा आवाज बंद झाला.

हे कोणी सांगितले, असे त्यांनी मला कधी विचारले नाही. त्या दुपारी कुठे होता, असे मीही विचारले नाही. पुढे पुराव्याअभावी कोर्टाने त्यांना सोडले. वर्तमानपत्रात त्याची एक ओळ आली नाही. मी मात्र 'पुराव्याअभावी' एवढेच धरून बसलो. दादांनी नवा कोट शिवला की कापडाचा भाव मनात येई. पेटी अशी उघडी टाकणाऱ्याने माल दुसरीकडे ठेवला असणार, असेही वाटे.

धोतरे काढून झाली. तरी माझा हात पेटीतच होता, तळाच्या कागदाखाली चाचपत. एक वाळकी सुपारी लागली. मान वर केली तर वहिनी बघत होत्या.

"तिथं काही नाही, भावोजी. ते चौकीवर होते तेव्हाच मी सगळं उपसून पाहिलं."

मी हात बाहेर काढला.

"घड्या होत्या तशा घातल्या होत्या मी. तरी त्यांना कळलं. त्या दिवसापासून किल्ली कुलुपातच ठेवायचे."