चैनला टांगलेलं इंजिन चालू होतं

आधीच सांगून टाकतो, भुताखेतावर माझा इस्वास न्हाई. आजबी न्हाई. शाळा चौथीपस्तोर, पण उभा जन्म गाड्या खोलण्यात गेला. भानामतीनं गाडी बंद पाडली म्हणणाऱ्या लई लोकांच्या गाड्या मी नुसता फिल्टर फुंकून चालू करून दिल्यात. सूनबाई ह्या ग्रुपवरचे भुताचे अनुभव मोठ्यानं वाचायची अन् मी हसायचो. आता तीच म्हणती, "मामा, तुमचं तुम्हीच लिहा." म्हणून एका बोटानं लिहून राहिलो...

आमचं घर मुदखेडला, रेल्वे फाटकाजवळ. अंगणात पत्र्याचं शेड, शेडात माझी जुनी मेटाडोर. ही साधी मेटाडोर नव्हं. आधी ती फिरता दवाखाना होती, भंगारात निघाली तवा मी आणली. आत पलंग, पाण्याची टाकी, शेगडीला जागा, खिडक्यांना पडदे — समदं ह्या हातानं बसवलेलं. शहरातली पोरं आता कॅम्पर व्हॅन म्हणत्यात अन् तिच्यापुढं उभं राहून फोटो काढत्यात. आम्ही नवरा-बायको तिच्यात मुक्काम करून माळेगावची जत्रा करायचो, तवा ह्या पोरांचे बाप शाळेत होते.

मग इंजिन जाम झालं अन् गाडी कोपऱ्यात पडली. त्याच सुमाराला आमच्या शांताचा, म्हंजे माझ्या बायकोचा, मणका गेला. डॉक्टर म्हणले, बसून प्रवास करायचा न्हाई, न्यायचं तर झोपवून न्या. तिची धाकटी बहीण कमल निलंग्याला. कैक वर्षं दोघींची भेट न्हाई, नुसता फोन. औंदा कमलच्या नातीचं लगीन ठरलं. आमचा लेक म्हणला, "बाबा, अँबुलन्स करू."

शांता पडल्या पडल्या म्हणली, "जित्या माणसानं लग्नाला अँबुलन्समधून जायचं व्हय? मांडवातले लोक रडायला लागतील की."

मी म्हणलो, "मेटाडोर काढतो."

लेक हसला. "बाबा, तिच्यात कोंबड्यांनी अंडी घातलीत."

अंडी काढली, ऑम्लेट करून त्यालाच खायला घातलं अन् लागलो कामाला.

रेडिएटर उतरवला, पाईप सोडले, क्लच सुटा केला, चैनपुली लावून इंजिन उचललं. ब्लॉक अन् क्रँक नांदेडला इस्माईलच्या लेथवर. इस्माईल माझ्याच हाताखाली शिकलेला, आता सोताचं दुकान हाय, तरी मला उस्तादच म्हणतो. तिथून माल आला अन् मी जोडणी धरली. नवे पिस्टन, नव्या रिंगा, नवे बेअरिंग. पिस्टनला क्रँकशी जोडणारा जो रॉड असतो, त्याचे बोल्ट तेवढे जुनेच घातले. आमच्याकडं रॉडचे बोल्ट कुणी बदलत न्हाई. पुसायचे, आटे बघायचे, परत घालायचे... चूक म्हणू नका, रीत हाय. खालचा तेलाचा सम्प लावला, वर हेड लावलं. इंजिन तयार. शेडात चैनला टांगलेलं, आता फक्त गाडीत बसवायचं.

आता नीट ऐका. सकाळची येळ, चांगलं लख्ख ऊन. चहा पिऊन मी शेडात गेलो. आमच्या धंद्यात इंजिनाचं पोट ऐकायची एक तऱ्हा हाय. लांब पेचकसाचं टोक इंजिनाला टेकवायचं अन् मूठ कानाला. डॉक्टरच्या नळीवानी आतलं समदं ऐकू येतं. चालू इंजिनालाच लावायचं असतं ते. पण हाताला खोड... मी टांगलेल्या इंजिनालाच टेकवलं.

इंजिन चालू होतं.

खोटं सांगून राहिलो असन तर जीभ झडो. आत डिझेल न्हाई, तेल न्हाई, बॅटरी तर घरात खाटंखाली. अन् कानात मस्त आयडलवर चालणारं इंजिन — धगधगधग — एकसारखं. पेचकस काढला, गप. लावला, चालू. फ्लायव्हीलच्या चाकावर हात ठेवला. थंडगार, जागचं हाललेलं न्हाई. चैनबी स्थिर. म्हणलं रेल्वेचा हादरा असंल... फाटकाकडं बघितलं तर फाटक उघडं, गाड्या-बैलगाड्या निवांत चालल्यात.

भ्या वाटलं न्हाई. अंगावर काटा आला, पण आनंदाचा. मी त्याच्याभोवती फिरून फिरून लावून बघायलो, पहिला सिलिंडर, दुसरा... अन् तिसऱ्याखाली आलो तर — टक. टक. टक. त्या गोड आवाजात एक खोटा ठोका.

ओसरीवरून शांता वरडली, "कुणासंगट हसून राहिलाव?"

"इंजिनासंगट."

"मग जेवायलाबी त्याच्याकडंच बसा."

तेवढ्यात इस्माईल आला, माझं राहिलेलं सायलेन्सरचं पॅकिंग घेऊन. मी काही न सांगता पेचकस त्याच्या हातात दिला. "तिसऱ्याखाली लाव." त्यानं लावला. लई येळ लावून धरला. मग खाली ठेवला अन् हात पुसत म्हणला, "कुच नै है उस्ताद. कान में तेल डालो."

"खाली ठोका हाय."

"बंद इंजन में कायका ठोका? पॅक हो गया, अब खोलना नक्को. बिठाव सीधा, शादी में जाव."

मला खोलू नको म्हणणारा अजून जन्मायचा हाय. त्याच्या डोळ्यांदेखत सम्प सोडला. तिसऱ्या रॉडच्या बोल्टाला पाना लावला, जरासा ताण दिला — अन् बोल्टाचं डोकं मुळ्यासारखं तुटून हातात आलं. आत जुनी चीर, काळी पडलेली. रस्त्यात अहमदपूरच्या चढाला तो तुटला असता तर रॉड ब्लॉक फोडून भाईर आला असता. अन् त्या गाडीत इंजिनाला लागूनच पलंगाचं उसं. उशाला शांताचं डोकं.

इस्माईल तसाच नांदेडला जाऊन समदे नवे बोल्ट घेऊन आला. बसवले, पॅक केलं, परत पेचकस लावला. गप. मेलेलं लोखंड. लई घटका कान लावून उभा राहिलो, खरं सांगतो, जराशी चुटपूट लागली.

पण गाडीत बसवून चावी मारली तवा काय सांगू... दुसऱ्या दमाला पेटलं. शेजारपाजारचे जमा झाले. लेकानं टाळ्या वाजवल्या, मी त्याच्याकडं बघितलंबी न्हाई.

नांदेड, लोहा, अहमदपूर, लातूर — शांता पडदा सारून समदा रस्ता बघत गेली. उसाचे ट्रॅक्टर मोजत होती पोरीवानी. निलंग्याला मांडवापुढं गाडी लावली तशी कमल पळत आली. बहिणीला उतरू दिलंच न्हाई, सोताच आत चढली अन् पलंगावर शेजारी आडवी झाली. दोघींचं हसणं-रडणं भाईर ऐकू येऊन राहिलं. मांडवात कमलला हाका सुरू, हळदीला आजी सापडंना. शेवटी नवरीच पाटावरून उठून गाडीत आली, अन् दोघी आज्ज्यांनी तिथंच तिला हळद लावली. पलंगाची चादर अजून पिवळी हाय.

मी टायरपाशी बसलो होतो. इस्माईलचा फोन आला. "पोहचे क्या?"

"पोचलो."

मग म्हणला, "उस्ताद, उस दिन मेरेकू बी सुनाई दिया था. ठोका बी."

"मग न्हाई का म्हणलास रं?"

"हौ बोलता तो तुम खोल्ते थे क्या? भूत-बीत कुच नै होता बोलके बिठा देते थे. नक्को बोल्या, तोच खोले."

मी फोन ठेवून दिला. नको म्हणलं की मी करणारच, ही खोड ह्या वयात शिष्यानं ओळखावी, ह्याचा राग येऊन राहिला अन् हसूबी.

तर हे असं. दोघांनी ऐकलं, म्हंजे कानाचा दोष न्हाई. वारा न्हाई, रेल्वे न्हाई, भर दिवसा. ग्रुपवर कुणी इंजिनिअर असंल तर सांगावं, पण आधी पेचकस कानाला लावून बघितलेला पाहिजे. शांता म्हणती, "कशाला डोकं पिकवता, पोचलो ना?" तिला तेवढं पुरलं. मला पुरत न्हाई. बिगर डिझेलचं, टांगलेलं इंजिन चाललं कसं, हे मला सांगता येत न्हाई... अन् इंजिनातलं मला सांगता येत न्हाई असं दुसरं कायबी न्हाई.