भिंतीतलं वर्महोल

चहा घ्या, पण कप हातात धरून ऐकू नका, सांडेल. माझ्या फजितीचे किस्से तुम्ही आजवर पुष्कळ ऐकलेत, पण हा त्या सगळ्यांचा बाप आहे. अहो, भिंतीच्या एका बाजूला माझं डोकं, दुसऱ्या बाजूला माझे पाय! डोक्याच्या बाजूला माझा सत्कार चाललेला, आणि पायांच्या बाजूला चोर पकडला म्हणून बोंबाबोंब!

थांबा, पहिल्यापासून सांगते.

मी ठाण्याला एका कॉलेजात आयुष्यभर फिजिक्स शिकवलं, आता रिटायर झालेय. पण लहानपण माझं ठाकुर्लीचं. आमची बैठ्या चाळींची कॉलनी, तिच्या मागे भिंत आणि भिंतीपलीकडे शाळा. शाळेचं गेट मात्र पार दुसऱ्या अंगाला. घरात बसून घंटा ऐकू यायची, पण पोचायला ही भलीमोठी फेरी. आणि मी मुलखाची झोपाळू! मग काय करणार? भिंतीच्या खालच्या विटा पडून एक भोक झालेलं. मी त्यात डोकं घालायचे, माझी मैत्रीण शोभा मागून ढकलायची, मग मी पलीकडून तिला ओढायचे. फ्रॉक फाटायचा, आई पाठीत धपाटा घालायची, दुसऱ्या दिवशी परत तेच.

तरी उशीर व्हायचाच. वर्गाच्या दारात दामले बाई उभ्या असायच्या. आमच्या सायन्सच्या बाई. कडक इस्त्रीची सुती साडी, मनगटावर आतल्या बाजूला वळवलेलं घड्याळ. कधी ओरडल्या नाहीत हो. आधी घड्याळ बघायच्या, मग माझ्या केसांतली विटांची माती बघायच्या आणि म्हणायच्या, "सुमे, प्रकाशाचा वेग कुणाला ओलांडता येत नाही. पण घरातून लवकर निघता येतं."

की मी दाराबाहेर उभी! तिथे उभं राहून ते वाक्य मी इतक्यांदा ऐकलं, की प्रकाशाच्या वेगाचंच वेड लागलं मला. पुढे फिजिक्स घेतलं ते बाईंमुळे. त्यांना हे कधी सांगितलं नाही, तेवढं राहूनच गेलं.

तर गेल्या विज्ञान दिनाला शाळेने मला बोलावलं. विषय माझ्या आवडीचा, 'वर्महोलमधून प्रकाशाच्या आधी पोचता येईल का?' वर्महोल म्हणजे अवकाशातलं आरपार भोक हो. हेडमिस्ट्रेस नवीन, तरुण पोरगी. फोनवर म्हणाली, "मॅडम, दामले बाई पण येणार आहेत. हल्ली कुठेच जात नाहीत त्या, तब्येत बरी नसते. पण तुमचं नाव ऐकलं आणि म्हणाल्या, मी येणार. फक्त एकच विचारत होत्या…"

"काय गं?"

"सुमी वेळेवर येणार का?"

घ्या! मी साठी ओलांडली, केस पांढरे झाले, आणि बाई अजून तिथेच! पण खरं सांगू? फोन ठेवल्यावर मी ठरवलं, इकडचं जग तिकडे होऊ दे, त्या दिवशी मी बाईंच्या आधी खुर्चीत बसलेली असणार. एकदा, फक्त एकदा मला त्यांच्या घड्याळात वेळेवर दिसायचं होतं. परत असा दिवस येईल न येईल.

निघाले की मग लवकर! छान इरकल नेसले, डबल पिना लावल्या. पण तो कल्याण-शीळ रस्ता! गाडी हलेल तर शपथ. पुढे कंटेनर, मागे कंटेनर, मधे मी. कशीबशी डोंबिवली आली, तिथे कॅब सोडली आणि रिक्षा धरली. रिक्षावाल्याने कॉलनीच्या मागे आणून करकचून ब्रेक मारला.

"मॅडम, पुढं सगळा रस्ता खोदलाय. मेन गेटला लांबून फिरून जायला लागंल."

आणि भिंतीपलीकडून आवाज, "हॅलो, हॅलो, माइक टेस्टिंग!" म्हणजे कार्यक्रम सुरू होतोय!

तेवढ्यात मला भोक दिसलं. हो, भोक! बैठ्या चाळी जाऊन टॉवर आले, चिंचेचं झाड गेलं, विहीर बुजली, पण भिंत तीच आणि भोक तिथेच. डोळ्यांत पाणीच आलं हो. मी वर्महोलवर बोलायला निघालेले आणि माझं स्वतःचं वर्महोल माझी वाट बघत बसलेलं! मी तडक तिकडे सुटले. मागून रिक्षावाला ओरडतोय, "ओ मॅडम, तिकडून नाय! हिकडं, हिकडं!"

मी म्हटलं, "अरे जा रे! तुझ्या जन्माच्या आधीपासून जातेय मी इथून."

पदर खोचला. पर्स आधी पलीकडे सरकवली. डोकं घातलं, गेलं. उजवा हात गेला. खांदे तिरके करून तेही गेले. आणि मग काहीच जाईना! रिटायर झाल्यापासून घरी बसून जे काही कमावलं होतं, ते सगळं अलीकडे राहिलं.

पुढे होता येईना, मागे सरता येईना. आता वर्महोलची गंमत ऐका. प्रकाशाशी शर्यत लावलीत तर तुम्ही हरणारच. म्हणून शर्यत लावायचीच नाही, अवकाशालाच घडी घालायची आणि मधून आडवाट काढायची. कागदावर एकदम झकास. फक्त त्या वाटेचा गळा इतक्या झटक्यात आवळला जातो, की आत शिरलेला प्रकाशसुद्धा पलीकडे निघत नाही. फळ्यावर किती वर्षं शिकवलं हे मी! अंगाशी आलं ते त्या दिवशी.

मान वर केली तर समोर शाळेचं मैदान, मांडव, आणि रांगेत बसलेली मुलं थेट माझ्याकडे बघतायत. एक मुलगी किंचाळली, "मिस, मॅडम आल्या! डेमो देतायत, डेमो! वर्महोलचा!"

टाळ्या! अहो, कडकडाट! मी एक हात हलवून सांगतेय, "अरे डेमो नाही, अडकलेय मी!" पण तो हात बघून पोरांना वाटलं मी अभिवादन करतेय. त्यांनीपण हात हलवले.

हेडमिस्ट्रेस धावत आली, मागून शाल-श्रीफळाचं तबक. बिचारी गोंधळली, पण कार्यक्रमपत्रिकेत आधी सत्कार होता ना! तिने वाकून शाल माझ्या डोक्यावर घातली. पुष्पगुच्छ नाकासमोर धरला, फोटो काढला.

"मॅडम, नारळ कुठे ठेवू?"

"माझ्या डोक्यात घाल!" मी म्हटलं.

इकडे असा मानसन्मान, आणि तिकडे? तिकडे टॉवरच्या वॉचमनला दिसले नुसते पाय. "ए! कौन है? चोर, चोर!" भिंतीतून मला सगळं ऐकू येतंय, पण माझं तोंड शाळेत! मी जोरात ओरडले, "मी चोर नाही!" तर ते ऐकू गेलं हेडमिस्ट्रेसला. ती म्हणाली, "नाही हो मॅडम, असं कोण म्हणेल?"

मागे वॉचमन काठी आपटतोय, "अरे, ये तो लेडीज है! सेक्रेटरी मॅडम को बुलाओ!" मी घाबरून पाय झाडायला लागले. आणि एकदम एक ओळखीचा आवाज आला.

"डावा पाय आधी झाडणारी एकच बाई आहे या जगात. सुमे!"

शोभा! हो, माझी शोभा! नव्या टॉवरमध्ये तिला फ्लॅट मिळालेला आणि वर ती सोसायटीची सेक्रेटरी झालेली. माझा जीव भांड्यात पडला. पण पुढच्याच क्षणाला ती म्हणाली, "थांब हं, ढकलते!"

अगं नको! पण मी 'नको' म्हणतेय शाळेत, आणि ती ढकलतेय कॉलनीत. लहानपणची सवय ती, अंगात मुरलेली. दोन्ही हात लावून तिने जो काही जोर केला, त्यासरशी मी आणखी वीतभर आत घुसले आणि गच्च बसले. माझ्या तोंडून 'आई गं!' निघालं. पोरांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या.

मग टाळ्या एकदम थांबल्या. गर्दी बाजूला झाली. माझ्या नाकासमोर जमिनीवर एक काठी टेकली, तिच्या शेजारी कडक इस्त्रीच्या साडीचा काठ.

"सुमे."

"बाई…"

"आलीस?"

"अर्धी आलेय, बाई."

बाईंनी मनगट वळवून घड्याळ बघितलं. मग शालीतून डोकावणारे माझे केस बघितले. माती होतीच.

"वर्महोल मिटू नये म्हणून काय लागतं?"

आता तुम्हीच सांगा, ही काय तोंडी परीक्षा घ्यायची वेळ? पण बाईंनी विचारल्यावर माझं तोंड आपोआप चालू झालं. "ऋण ऊर्जा, बाई. म्हणजे उणं वजन असावं असं काहीतरी. ते आतून त्या गळ्याला ताणून धरतं."

"मिळतं कुठे?"

"प्रयोगशाळेत अगदी कणभर. माणूस जाईल एवढं कुठेच नाही. वर्महोलच अजून कुणी पाहिलेलं नाही."

"आणि तू कुठलं वजन घेऊन आलीस?"

"अधिक, बाई."

"बरं. समजा झालं उघडं. तरी बाहेरच्या रस्त्यापेक्षा लवकर पोचशील?"

"हल्लीची काही गणितं नाही म्हणतात, बाई. त्यांच्या हिशेबाने ज्यातून जाता येईल, त्यातून जायला बाहेरच्या रस्त्यापेक्षा जास्तच वेळ लागतो."

"ते दिसतंय," बाई म्हणाल्या. मग काठीवर भार देऊन वाकल्या आणि भिंतीला म्हणाल्या, "शोभे! ढकलू नकोस, ओढ!"

भिंतीमागून नातवंडं असलेल्या सेक्रेटरीबाईंचा बारीक आवाज, "हो, बाई."

बाहेर निघाले तेव्हा इरकलीचा पार पोछा झालेला. शोभा माती झटकत म्हणाली, "अगं वेडे, फाटकातून का नाही गेलीस?"

"कुठलं फाटक?"

तिने बोट दाखवलं. जरा पलीकडे उभ्या टेम्पोच्या आड भिंतीला एक छोटं लोखंडी फाटक होतं. सताड उघडं. "तुझं भोक तिथे होतं. हे तू शिरलीस ते पावसाचं पाणी जायला ठेवलेलं आहे!"

रिक्षावाला अजून तिथेच उभा होता. "तेच तर सांगत होतो ना मॅडम."

गेले मुकाट्याने फाटकातून. पलीकडे बाई येऊन थांबलेल्या. मी म्हटलं, "बाई, हे फाटक कधी झालं?"

"मी रिटायर झाले तेव्हा. तुमच्या वेळी दर सुट्टीत ते भोक बुजवायला गवंडी यायचा आणि मी त्याला परत पाठवायचे. म्हणायचे, माझी एक मुलगी त्यातून येते. उशिरा का होईना, येते. शाळा सोडताना हेडमास्तरांनी मला विचारलं, बाई, तुमच्यासाठी काय करू? मी म्हटलं, तिथे दार करा. कुणाचा फ्रॉक फाटायला नको."

मी आयुष्यभर मुलांना शिकवलं, की वर्महोल उघडं ठेवणारं काही अजून कुणाला सापडलेलं नाही. आणि माझं बाईंनी उघडं ठेवलेलं, मला पत्ता नाही! सत्काराची शाल तोंडाला लावून मी भर मैदानात रडले. "बाई, मी फिजिक्स घेतलं ते तुमच्यामुळे," एवढंच कसंबसं म्हटलं.

"माहीत आहे मला. रड नंतर. मुलं खोळंबलीत."

मग व्याख्यान झालं, छान झालं. शेवटी तीच डेमोवाली मुलगी उभी राहिली. "मॅडम, खरंच कधी वर्महोल सापडलं, तर तुम्ही जाल का त्यातून?"

मी पदर सावरला, ऐटीत माइक ओढला, आणि उत्तर देणार इतक्यात पहिल्या रांगेतून आवाज आला.

"जाईल गं ती. फक्त घरातून लवकर निघ म्हणावं, आणि शिरायच्या आधी शेजारी फाटक आहे का तेवढं बघ म्हणावं."